दोन माईक

ताई रायपूरला मुलाकडे राहायला गेली, पण तिचं पिकोचं मशीन इथेच राहिलं. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरचं आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. फॉल-पिकोचं काम आम्ही दोघी बहिणींनी जन्मभर केलं. मशिनी समोरासमोर होत्या. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. एकीने गाण्याची ओळ धरायची, दुसरीने पुढची उचलायची. गिऱ्हाईक नसलं तरी दुपारी दुकानात आवाज असायचा.

ती गेल्यावर आवाज बंद झाला, आणि कामही आटत गेलं. साड्या आता फॉल लावूनच मिळतात. ताई रोज फोनवर तेच म्हणायची, "तिथं एकटी काऊन पडून राहिलीस? घर भाड्यानं दे अन् इकडं ये." पोटापुरतं काम नसेल तर तिचं बरोबरच होतं. पण दुसऱ्याच्या घरात पाहुणीसारखं राहणं मला जमणार नव्हतं. मी म्हटलं, "लग्नसराई संपेपर्यंत थांब. नवा धंदा नाही चालला तर घराला कुलूप लावून येते." कोणता धंदा, ते सांगितल्यावर ती खूप हसली.

धंदा कराओकेचा, म्हणजे संगीत आणि पडद्यावरचे शब्द आपले, गाणारे घरचेच. आमच्याकडचे डीजे ट्रकभर स्पीकरचे डबे घेऊन वरातीला जातात. बारसं, वाढदिवस, नोकरीचा निरोप, बायकांची हळद असल्या लहान कार्यक्रमांना ते येत नाहीत, आणि आले तर घराच्या काचा हलतात. तेवढी जागा रिकामी आहे असं मला दिसलं.

गोंदियात सामान घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, बजाएगा कौन? भैया को भेज दो, समझा दूँगा."

"भैया नहीं है. मुझेच समझाओ."

त्याने रंगीत दिव्यांचा सर्वांत मोठा स्पीकर दाखवला. मी विचारलं, हा मला एकटीला उचलून ऑटोत ठेवता येईल का? तिथेच निवड झाली. चाकांचा, आत बॅटरी असलेला मध्यम स्पीकर आणि बिनवायरचे दोन माईक घेतले. छोटा मिक्सर एका भजनी मंडळाकडून जुना मिळाला. पडदा म्हणून घरचा टीव्ही, गाण्यांसाठी माझाच फोन. माईकचा स्टँड दुकानदाराने वरून दिला. याहून जास्त सुरुवातीला लागत नाही.

शिकायला मात्र वेळ लागला. माईक स्पीकरच्या तोंडासमोर आला की शिट्टी वाजते. ब्लूटूथवर संगीत मागे पडतं आणि शब्द पुढे पळतात, म्हणून वायरच लावायची. खेड्यात नेट असेलच असं नाही, तेव्हा गाणी आदल्या दिवशी उतरवून ठेवायची. घुमाऱ्याचं, म्हणजे इकोचं, बटण जवळजवळ बंदच ठेवायचं, नाही तर आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. खरी अडचण वेगळी होती. आवाज नीट लावायला दोन माणसं लागतात, एक गायला आणि एक लांब उभं राहून ऐकायला. मी आत गायचे, ते रेकॉर्ड करायचे, मग स्पीकरवर लावून अंगणात जाऊन ऐकायचे. पुन्हा आत येऊन बटण फिरवायचं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "कोणाले ऐकवून राहिल्या वो ताई?" मी म्हटलं, मलाच.

पहिलं काम गोंदियातच मिळालं, एका शाळेतला निरोपसमारंभ. तिथे स्टँड हॉलच्या मधोमध ठेवला आणि सर लोक त्याला चिकटले ते चिकटलेच. एकाने बेसूर गायलं की दुसऱ्याला धीर यायचा. मला वाटलं, जमलं. पण पुढचं बोलावणं तिथून कोणी दिलं नाही.

मग लग्नसराईच्या शेवटी आमगावजवळच्या एका गावातली हळद आली. माझ्या जुन्या गिऱ्हाईक बाईच्या पुतणीचं लग्न होतं. मांडवात आजूबाजूच्या गावांतल्या बायका जमल्या होत्या. पुढची कामं निघाली तर याच बायकांच्या घरांतून निघणार होती. नाही निघाली तर रायपूर.

मी हॉलमधल्यासारखीच मांडणी केली. टीव्ही टेबलावर, स्पीकर कोपऱ्यात, स्टँड मधोमध. गाणं लावलं आणि वाट पाहिली. संगीत वाजत राहिलं, पडद्यावर शब्द सरकत राहिले, उठलं कोणीच नाही. दुसरं गाणं लावलं. एका सुनेला पोरींनी ढकललं, तर ती पदर तोंडावर घेऊन पळाली. वेळ भरून काढायला मी स्वतः एक गाणं म्हटलं. सगळ्यांनी गुपचूप ऐकलं, आणि मग तर कोणी जागची हललीच नाही.

"मंत्री येऊन राहिला का वो, बाई?" नवरीची आत्या हळद कालवता कालवता म्हणाली. "मधात खांब गाडून ठेवला तो?"

"माईक आहे, आत्याबाई. या, तुम्ही गा."

"तिथं एकटीनं उभं राहून? एकटी बाई रडते वो, गात नाही."

बायका खो खो हसल्या. मलाही हसावं लागलं. हसू ओसरल्यावर स्वतःची चीड आली. मी काही शहरात वाढलेली नव्हते. लहानपणी धानाच्या बांधीत आईसोबत रोवणीला, रोपं लावायला, उभी राहिले आहे. तिथे बायकांची अर्धी रांग ओळ म्हणते, उरलेली अर्धी ती उचलते. सगळ्यांच्या माना खाली, हात चिखलात, आवाज नेमका कोणाचा ते कळत नाही. म्हणून तर सगळ्या गातात. तिथे मधोमध उभं राहायला कोणाला सांगितलं असतं तर तीही पळाली असती.

स्टँड दुमडून मांडवाबाहेर ठेवला. टीव्ही बंद केला. सतरंजीवर बायकांना समोरासमोर दोन रांगांत बसवलं, नवरीकडच्या एका बाजूला, पाहुण्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही रांगांत एकेक माईक देऊन टाकला आणि सांगितलं, "तोंडाशी धरू नका, मांडीवर राहू द्या." फोनवर नुसता ढोलकीचा ठेका लावला आणि माईकचा आवाज हळूहळू चढवत नेला.

आत्याबाईंनीच ओळ धरली, हळदीचं जुनं गाणं. समोरच्या रांगेने उचललं. दोन कडव्यांनंतर दोन्ही बाजू एकमेकींवर रचून म्हणू लागल्या. विहीणबाईच्या स्वयंपाकापासून तिच्या घोरण्यापर्यंत काही सुटलं नाही. मग पोरींनी मलाच टीव्ही चालू करायला लावला आणि सिनेमाची गाणी त्याच रीतीने झाली, एक ओळ इकडे, एक ओळ तिकडे. पळालेली सून माईक सोडेना.

मी स्पीकरच्या मागे खुर्चीवर बसून बटणं सांभाळत होते. जेवणाचं ताट कोणीतरी तिथेच आणून दिलं. कोणत्याच रांगेत माझी जागा नव्हती, आणि तिथून उठले तर शिट्टी वाजली असती.

सामान आवरताना दोन बायकांनी नंबर घेतला. चार दिवसांनी त्यांतल्या एकीचा सडक अर्जुनीहून फोन आला, बारसं आहे म्हणून. दुसरीकडची हळदही ठरली. मी ताईला फोन केला.

"कामं मिळाली. मी येत नाही."

ती म्हणाली, "बरं झालं. माझं मशीन विकून टाक मग. जागा अडवून आहे ते."

"कायले? असू दे."

मशीन आहे तिथेच आहे. स्पीकर त्याच्या बाजूला ठेवते. कामाच्या आदल्या दिवशी माईक तपासावे लागतात. पहिला हातात घेऊन एक ओळ म्हणते. तो खाली ठेवते, दुसरा उचलते, पुढची ओळ त्यात म्हणते. मधे थोडी फट पडते. दोन्ही नीट चालत असले की चार्जिंगला लावते.