प्रसिद्धीप्रमुख

बोलता बोलता तो तुमच्या हनुवटीला दोन बोटं लावायचा आणि चेहरा उजेडाकडे वळवायचा. विचारायची पद्धत नव्हती. "फोटो येऊ दे, सूर मागाहून येतील," हे त्याचं ठरलेलं वाक्य. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला हा एकटाच पुरला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अंबरनाथच्या एका संगीत मंडळाने नवे ऑर्गनवादक तयार करायला वर्ग काढला. नाट्यपदांना साथ करणारा, पायांनी भाता हलवून वाजवायचा ऑर्गन. वाजवणारे म्हातारे झाले होते, मागून कुणी येत नव्हतं. शिकवायला नाटक कंपनीत उमेदवारी केलेले सर होते. मी एका कारखान्यात टायपिस्ट. सुटले की तिकडे जायचे. हा मंडळाचा प्रसिद्धीप्रमुख. सगळे त्याला भाऊ म्हणत. मी कधी म्हटलं नाही.

शिकणारे आम्ही चौघं. पेपरात मात्र 'तरुणाईची झुंबड' उडाली. फोटोसाठी त्याने शेजारच्या शिवणक्लासच्या मुली आणून ऑर्गनभोवती उभ्या केल्या होत्या.

सर म्हणाले, "अहो, भाता फाटत चाललाय. चामडं बदलायला हवं."

"आधी बॅनर, सर. भाता फोटोत दिसत नाही."

त्यानंतर सर त्याच्याशी बोलायचे ते भिंतीकडे बघून.

आमच्यात खरी वाजवणारी एकच, कविता. उल्हासनगरच्या सिंधी कापडदुकानदाराची मुलगी. पदांचे अर्थ ती विचारून विचारून घ्यायची. पण तिचा हात पडला की सर डोळे मिटायचे.

मग टीव्हीवाले येणार असं ठरलं. भाता तोवर पार गेला होता. सुराऐवजी नुसती फुसफुस. त्याने पडद्यामागे टेपरेकॉर्डर ठेवला, सरांच्याच जुन्या वादनाची कॅसेट घातली आणि कविताला म्हणाला, "तू फक्त बोटं फिरव."

"पोरीला खोटं वाजवायला लावू नका," सर म्हणाले.

"सर, पब्लिकला काय कळतंय?"

कॅमेरा सुरू झाला. कविताने थोडा वेळ बोटं फिरवली. मग दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पद वाजतच राहिलं. कॅमेरावाला खो खो हसला.

आमचा प्रसिद्धीप्रमुख सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "तुम्हा लोकांना दुकानं चालवता येतात, कला नाही!"

कविता म्हणाली, "दुकानात पण आम्ही नकली माल नाही विकत, भाऊ."

सरांनी ऑर्गनचं झाकण लावलं, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा आले नाहीत. वर्ग तिथेच मोडला. पेपरात आलं, 'ऑर्गन प्रशिक्षण वर्ग उत्साहात संपन्न.'

नव्वदच्या दशकात त्याने कॉम्प्युटर क्लासची प्रसिद्धी धरली. एकदा विठ्ठलवाडीला समोर आला. "काय मॅडम, अजून राग?"

"हो," म्हटलं आणि चालू लागले.

तो हार्टने गेला. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी का गेले, सांगता येणार नाही. बहुधा, लोक त्याच्याबद्दल किती खोटं बोलतात ते ऐकायला. दारात कविता भेटली. कडेवर पोर, हातात हार.

मी तिच्यावर खेकसलेच. "तू कशाला आलीस?"

"ताई, पापा मला कुठे सोडत नव्हते. पेपरमध्ये भाऊंनी दिलेली बातमी वाचली, तब जाके बोले, जा, सीख ले. नाहीतर सर मला कुठे भेटले असते?"

तिने त्याच्या फोटोला हार घातला, पोराचेही हात जोडून घेतले. कुणीतरी एक हार माझ्यापुढे केला. मी घेतला नाही.

आदल्या वर्षी सर गेले होते. तेव्हा खांदा द्यायला माणसं शोधावी लागली होती, आणि पेपरात एक ओळसुद्धा आली नव्हती. ती द्यायला त्याला वेळ झाला नव्हता.