भुऱ्याला मैदानात उतरवलं तो रविवार

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मधे कुणी बोलू नका. माती खाल्लेली गोष्ट एका दमातच सांगून होते. आणि मी नुसती खाल्ली नाही, माईकवर खाल्ली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जत तालुक्यातले. सगळी हयात मेंढरांमागं गेली. आई गेली तसं मी त्यांना मेंढरं विकायला लावली आणि सांगलीला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांनी एकच अट घातली, भुऱ्या बरोबर येणार. भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा आणि म्हातारा.

वर्षभर दोघं गॅलरीत बसून. सकाळी विचारलं, "अण्णा, चहा घेतला का?" तर "व्हय." संध्याकाळी विचारलं, "जेवलात का?" तर "व्हय." एवढे दोन प्रश्न विचारले की मुलगा म्हणून माझी ड्यूटी संपली, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही तरी काय वेगळं करता?

तर पेपरात पाळीव प्राण्यांच्या शोची जाहिरात आली. म्हटलं, सगळ्यांनी जाऊ, भुऱ्याला स्पर्धेत उतरवू, अण्णांचं मन रमेल. बायको, सुनीता, म्हणाली, "आधी अण्णांना विचारा." मी विचारलं नाही, सांगितलं.

"नगं रं," अण्णा म्हणाले. "त्येला गर्दी सोसत न्हाई आता."

"गर्दीत नेल्याशिवाय सोसायची कशी?" मी म्हणालो. असलं शहाण्यासारखं बोलायची मला खोडच आहे.

मैदानावर काय थाट, विचारू नका. एक कुत्रं लहान बाळाच्या गाडीतून आलेलं. एकाला फ्रॉक. एकाचे केस ड्रायरनं फुलवणं चाललेलं. आणि त्यात आमचा भुऱ्या, आणि भुऱ्याशेजारी धोतर नेसलेले, खांद्यावर घोंगडं टाकलेले अण्णा.

फॉर्मवर मी जात लिहिली मुधोळ. वय लिहिलं पाच. माझी मुलगी गौरी तिसरीत आहे. ती म्हणाली, "पप्पा, भुऱ्या माझ्यापेक्षा मोठाय."

"तू गप्प बस."

नाव पुकारलं तसा अण्णांनी पट्टा धरला. मी तो काढून घेतला. "तुम्ही सावलीत बसा, मी नेतो." खरं कारण सांगू? घोंगडं. आमच्या कचेरीतले साहेब कुटुंबासह पुढच्याच रांगेत बसले होते.

मैदानात प्लॅस्टिकचे लाल शंकू मांडलेले. त्यांच्यामधून कुत्रा चालवायचा, बस. आमचा भुऱ्या जागचा हलेना. मी ओढला. तो पहिल्या शंकूवर आपटला, दुसऱ्यावर आपटला, आणि तिसऱ्या खेपेला थेट बक्षिसांच्या टेबलात घुसला. कप गडगडत साहेबांच्या पायाशी. लोक पोट धरून हसत होते. मीपण हसलो, दुसरं काय करणार?

परीक्षक एक डॉक्टरबाई होत्या. त्या उठून आल्या, भुऱ्यासमोर गुडघ्यावर बसल्या, त्याच्या तोंडापुढं हात हलवून बघितला. निवेदकानं हौसेनं माईक आमच्यामध्ये धरला.

"कधीपासून दिसत नाही?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं, शोमध्ये कधी दिसला नाही म्हणतायत. "दिसणार कसा मॅडम? आज पहिल्यांदाच आणलाय. आजवर घरातच असायचा."

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "काही औषधपाणी?"

"औषध कशाला? एकदम ठणठणीत आहे. दूध-भाकरी खातो."

"घरात अडखळत नाही?"

"लय धडपडतो. रोज पाण्याचं भांडं लाथाडतो. शिस्तच नाही. मी रागावतो ना त्याला."

"रागावता?"

"रागवावंच लागतं मॅडम. त्याशिवाय ऐकत नाही."

हसणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही. बाई हळूच म्हणाल्या, पण माईक चालूच होता, "अहो, हा कुत्रा आंधळा आहे."

मैदानाच्या दोन्ही टोकांच्या कर्ण्यांनी ते सांगलीला ऐकवलं.

तेवढ्यात अण्णा आत आले. येताना कडेला बांधलेल्या दोरीत पाय अडकून पडता पडता वाचले. मला वाटलं, वय झालंय. दहा पावलांवर उभं राहून त्यांनी हाक दिली, "बा. बा, बा." आमच्याकडं कानडी माणसं 'ये' म्हणायला म्हणतात तसं. भुऱ्यानं कान टवकारले आणि एकाही शंकूला न शिवता सरळ त्यांच्या गुडघ्याला जाऊन टेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दिवाळीपासनं न्हाई दिसत त्येला," अण्णा बाईंना म्हणाले. "आवाजावर चालतंय बिचारं."

"मला सांगायचं की अण्णा," मी म्हणालो.

"तू इचारलं न्हाईस." रागानं नाही हो. चहा घेतला का म्हटल्यावर 'व्हय' म्हणायचे, त्याच आवाजात.

बाईंनी अण्णांना आणि भुऱ्याला मिळून एक प्रमाणपत्र दिलं. अण्णांनी ते हातात फिरवलं आणि गौरीपुढं धरलं, "वाच ग बाय."

माझी जित्याची खोड. मी म्हणालो, "तुम्हाला वाचता येतं की अण्णा. रोज पेपर वाचता."

गौरी म्हणाली, "पप्पा, पेपर मी वाचून दाखवते. अण्णांना अक्षरं कुठं दिसतात?"

मी सुनीताकडं बघितलं. ती भुऱ्याचा पट्टा गुंडाळत होती. "दोनदा सांगितलं होतं तुम्हाला, अण्णांना दवाखान्यात न्या म्हणून. तुम्ही म्हणालात, बघू."

परत येताना गाडीत मागच्या सीटवर भुऱ्या अण्णांच्या मांडीवर तोंड ठेवून झोपला होता आणि अण्णा त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. वर्षभरात माझ्याशी बोलले नसतील एवढं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि अण्णांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल म्हणाले, दुसऱ्याला उशीर झालाय. दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं. मी मान खाली घालून सगळ्या कागदांवर सह्या केल्या.

मग डॉक्टरांनी अण्णांना विचारलं, "आजोबा, ऑपरेशननंतर जपावं लागेल. थेंब वेळेवर घालायचे. घरात लक्ष द्यायला कोण आहे?"

अण्णांनी नीट विचार केला. एकेक बोट दुमडत म्हणाले, "हायत की. सून हाय. नात हाय. भुऱ्या हाय."

आणि थांबले. मी फाइल घेऊन शेजारीच उभा होतो.