फडक्याला अडकलेला धागा

मंडळी, आज नेहरू नगरच्या मैदानावर मी माझ्याच मुलीची लढत थांबवली. ती अजून माझ्याशी नीट बोललेली नाही.

नव्यांसाठी सांगते. आमचा गट चिलखतं आणि बोथट पोलादी तलवारी स्वतः बनवून मध्ययुगीन पद्धतीने लढतो. तलवारी तपासण्याचं काम माझं. पात्याच्या कडेवरून मी जुनं मलमलचं फडकं फिरवते. धागा अडकला, की तलवार बाद आणि लढणाराही बाद.

आज ऋचाची पहिली लढत होती. ती आणि तिचा प्रतिस्पर्धी चिलखत चढवून उभे होते, लोक टाळ्या वाजवत होते. मी तिच्या पात्यावरून फडकं फिरवलं आणि ते मध्येच अडकलं. सरावात पात्याला खाच पडून तिची कड वर आली होती.

"आई, नखाएवढं तर आहे. सगळे बघतायत!"

तिच्यासमोरचा इम्रान हसला. "आंटी, जाने दो ना. मैं झेल लूँगा."

"गर्दन पे?" मी विचारलं. त्याने आपली तलवार खाली घेतली.

"ऋचा बाद," मी जाहीर केलं. तिने शिरस्त्राण काढलं तेव्हा डोळे भरलेले होते.

घरी येताच ती कानस घेऊन बाल्कनीत बसली. बऱ्याच वेळाने तलवार माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "फिरव फडकं."

फिरवलं. पुन्हा एक धागा अडकला. अगदी बारीक.

तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "अजून घास."

हे लिहितेय आणि बाल्कनीतून कानशीचा आवाज येतोय. खरं सांगा, हा दुसरा धागा तुम्ही सोडून दिला असता का?