मेन स्विचवरचं कुलूप

माझी नणंद वायरमन आहे. वायरमनच म्हणायचं, बाईसाठी वेगळा शब्द करायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. आम्ही दोघी एकाच शिलाई कारखान्यात कामाला होतो. मी मशीनवर, ती शिडीवर.

काम सुरू करण्याआधी ती त्या भागाचा मेन स्विच बंद करायची, त्याला स्वतःचं कुलूप घालायची आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवायची. मग टेस्टर शेजारच्या खोलीतल्या चालू प्लगमध्ये घालून बघायची. टेस्टरच बिघडलेला असला तर? त्यानंतर तो तारेला. पाणी प्यायला खाली उतरली, तरी वर गेल्यावर पुन्हा टेस्टर. सुपरवायझर म्हणायचा, "बाईंनी तिजोरी बंद केली बघा." सगळे खिदळायचे. एकदोनदा मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी तिने इस्त्रीच्या खोलीतली लाइन उघडली होती. माल संध्याकाळी जायचा होता. ती पक्कड घ्यायला खाली उतरली, तेवढ्यात या उंटावरच्या शहाण्या सुपरवायझरने कटरने कुलूप तोडलं आणि स्विच चालू केला. म्हणे, वाटलं काम झालं. दहा पावलांवर ती उभी होती, विचारायला काय तोंड शिवलं होतं? ताई वर चढली, तारेला टेस्टर लावला. दिवा पेटला.

ती तडक मालकाकडे गेली, मागोमाग मी.

"काही झालं नाही ना?" मालक म्हणाला. "मग राईचा पर्वत कशाला करता?"

"मी टेस्टर लावला म्हणून झालं नाही."

"बाईमाणूस म्हटलं की भीती आलीच. पण हे कुलपाचं खूळ इथे चालणार नाही."

"मग मीही इथे राहणार नाही," ताई म्हणाली आणि हत्यारांची पिशवी उचलून निघाली.

तिच्या जागी एक पुरुष वायरमन आला. ताईच्या घरी येऊन त्याने कुठली तार कुठे जाते ते विचारलं. ताईने कागदावर काढून दिलं, वर कुलपाचंही सांगितलं. तो हसला. बाराव्या दिवशी तो लाइनवर असताना कुणीतरी स्विच चालू केला. जीव वाचला, उजवा हात मनगटापर्यंत जळाला. मालक म्हणाला, "नशीब एकेकाचं." ताईची ती भीती आणि याचं हे नशीब! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात मालकाने माझ्याकरवी निरोप धाडला, ताईंना या म्हणावं, हवं तर कुलूप लावा. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, इथे माणसाचा हात गेला होता.

ताईने निरोप ऐकून घेतला. म्हणाली, "त्याला सांग, आधी दवाखान्यात जाऊन त्या माणसासमोर उभा राहा. मग माझ्याशी बोल."

हे सांगायला मी मालकाच्या खोलीत गेले नाही. तो कारखान्यात फेरीला आला तेव्हा मशीन थांबवली, शेजारणींनाही थांबवायला लावलं, आणि सगळे ऐकतील अशा आवाजात शब्दन्‌शब्द सांगितलं.