पट्टीवरची खूण मागे सरकली

"सर, खूण पुढे जायला हवी होती. मागे गेली आहे," मी जंगलातून फोनवर म्हणाले.

"एकाच झाडाची?"

"नऊ बघून झाली. सगळ्यांची."

मी भिलाईत या सरांच्या कन्सल्टन्सीत पर्यावरणाचं काम करते. रसमड्याच्या एका कारखान्याचं म्हणणं होतं, की आमच्या धुरातला कार्बन दोन तासांवरचं ऐनाचं जंगल शोषून घेतं. ते तपासून रिपोर्टवर सही मला करायची होती. झाड हवेतला कार्बन घेऊन त्याचं लाकूड करतं. म्हणून खोडाभोवती स्प्रिंगवाली पोलादी पट्टी बांधतात. खोड जाड झालं की पट्टीवरची खूण पुढे सरकते.

त्याच्या आदल्या ऑक्टोबरातही ती मागेच गेली होती. तेव्हा मी पट्ट्यांना दोष दिला, सगळी रीडिंग्ज रद्द केली आणि हथखोजच्या वर्कशॉपमधून नव्या पट्ट्या करून आणल्या.

रिसालीला घरी येऊन मी त्यातली एक उरलेली पट्टी बाबांपुढे ठेवली. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रोलिंग मिलला होते. शिक्षण सातवी. माझी एम.एस्सी. त्यांच्या डबल ड्यूटीवर झाली.

"बाबा, उन्हानं लांबली असेल का?"

त्यांनी पट्टी वाकवून सोडली. "केसाएवढी लांबन. तू तं दोन सूत सांगून राहिली." दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. "पोलाद चांगलं हाय. झाडाले पाह्य."

"झाड कसं बारीक होईल?"

"माणूस होते ना उपाशी राहून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पावसाळा नुकताच संपला होता, तरी शेंडे उघडे होते. फार उष्णतेत झाड पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटून घेतं. मग कार्बनही आत जात नाही. तो हवेत साठतो, उष्णता वाढते, झाड आणखी मिटतं. हे मला पाठ होतं. पण खोडाला हात लावला, तर साल सुटून हातात आली.

"झाडं वाढत होती तेव्हाचा जुना आकडा टाक ना, बाई," ऑफिसात सर म्हणाले. "पट्ट्या पाहाले कोण जाते तिकडे?"

"मी जाऊन आले, सर."

"सही करणारे दुसरे भेटतात. समजलं?"

"हो, सर."

शोषण जवळजवळ थांबलं आहे, असंच मी लिहिलं. मागची रीडिंग्ज माझ्या चुकीने रद्द झाली, हेही लिहिलं. कारखान्याने काम दुसरीकडे दिलं. चिमणी चालू आहे. या ऑक्टोबरात बाबांना घेऊन गेले, तर दोन पट्ट्या वाळक्या खोडांच्या बुंध्याशी पडल्या होत्या.

माप पटलं नाही तर आधी पट्टी तपासावी, हे बरोबरच. पण मी ती न तपासताच बदलली आणि एक अख्खं वर्ष घालवलं. ते जंगलाकडे शिल्लक नव्हतं.