मागच्या दारातली बाळंतीण

दगूमावशी आमच्या नात्यातली नाही, जातीतली तर नाहीच. ती शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीच्या गुजर शेतकऱ्याची सून, आणि आम्ही खांडबारा स्टेशनाजवळच्या रेल्वे चाळीतले. तरी माझी मोठी बहीण कौसाबाई दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपणाला जाते ती ब्राह्मणपुरीला. आमची आई आम्ही लहान असतानाच गेली. मग हे माहेर कुठून काढलं, असं लोक विचारतात. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

मावशी दिसायला बुटकी, आवाजाने मात्र शेताच्या दुसऱ्या टोकाचा गडी वळून बघेल अशी. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तिचे मालक हिंमतराव शहाणा माणूस, ते त्या फंदात पडतच नसत. केळीला पाणी कधी सोडायचं इथपासून एसटीच्या कंडक्टरने घंटी कधी मारायची इथपर्यंत सगळ्यात तिला बोलायचं असे. अशी माणसं घरात असली की वैताग येतो. पण आमच्या नशिबाने ती त्या दिवशी चुनीलाल डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात होती.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. नंदुरबारला तेव्हा चुनीलाल डॉक्टरांचं प्रसूतिगृह नावाजलेलं. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, त्यात वाद नाही. पण कोणाला नाही म्हणवत नसे म्हणा किंवा लोभ म्हणा, परवानगी सहा खाटांची आणि बायका त्याच्या दुप्पट. खाट नसेल तर मागच्या दाराच्या आत ओसरीवर सतरंजी. शिकलेली नर्स ठेवायचा नियम होता, तिच्या जागी गावातली एक सुईण. सरकारने दवाखान्यांसाठी कायदा केला होता आणि धुळ्याहून साहेब तपासणीला येत. साहेब यायची कुणकुण लागली की कंपाउंडर रूपचंद मागच्या दाराला बैलगाडी लावी. जास्तीच्या बाळंतिणी पोरांसकट गाडीत चढत आणि डॉक्टरांच्या कापसाच्या गोदामात जाऊन पडत. साहेब सहा खाटा मोजत, चहा घेत आणि जात. मग गाडी परत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. साहेब म्हणजे कटकट आणि डॉक्टर म्हणजे आपला माणूस, असा सरळ हिशेब होता.

कौसा ओसरीवरची. तिला मुलगा होऊन दोन दिवस झाले होते, पण अंगावरून जायचं थांबत नव्हतं. ती पिठासारखी पांढरी पडली होती. मेहुणे ड्यूटीवर आणि सोबतीला मी. सकाळी रूपचंद धावत आला, साहेब मोटारस्टँडवर उतरले म्हणाला. बायका उठायला लागल्या. मीही गाठोडं बांधलं. कौसाला बसतं केलं तर तिचे डोळे फिरले आणि लुगडं पुन्हा भिजलं. सुईण माझ्या कानाशी पुटपुटली की गाडीचे धक्के हिला सोसायचे नाहीत. मी रूपचंदच्या विनवण्या केल्या. तो म्हणाला, गोदाम काय लांब आहे?

दगूमावशी आतल्या खोलीत होती. तिची खाट सहातली, तिला कोणी हलवणार नव्हतं. मुकाट पडून राहिली असती तर तिचं काहीच गेलं नसतं. पण तिने दारातून कौसाला पाहिलं, सुईणीचं बोलणंही ऐकलं. उठली, आपली चार दिवसांची पोर पदरात घेतली आणि मागच्या दारात जाऊन उंबऱ्यावर बसली.

आता गंमत बघा. बाळंतिणीला शिवायचं नाही, तिचा विटाळ. रूपचंद सोवळ्याचा माणूस, विटाळाच्या बाईला हात लावणं दूरच, तिला ओलांडूनही जाईना. गाडीवाला तर बैलांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. राहिली सुईण, तिला विटाळाचं भय नव्हतं. तिने मावशीकडे एकदा पाहिलं, हात पदराला पुसले आणि ती चुलीवरचं पाणी बघायला निघून गेली. त्या बाईचेही माझ्यावर उपकार आहेत.

शेवटी डॉक्टर आले. हळू आवाजात म्हणाले, दगूबाई, आत चला, तुम्हालाच थंडी बाधेल. त्यांना विटाळाचं काही नव्हतं, पण भल्या घरच्या सुनेला दंडाला धरून ओढायचं कसं?

मावशीचा आवाज मी सांगितलाच आहे. "ती माय गाडीम्हा मरी जाई, डाक्टर," ती म्हणाली. "मी आठेच बठेल शे. जेले जावानं व्हई, त्यानी माले वलांडीसन जावो."

साहेब एव्हाना येऊन पुढच्या खोलीत टेकले होते, त्यांनीही हे ऐकलं. ते चहा तसाच ठेवून मागे आले. ओसरीवरच्या बायका, गाडी, उंबऱ्यावरची मावशी, सगळं त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण साहेबही डॉक्टरच होते. ते कौसाजवळ खाली बसले, नाडी धरली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांना म्हणाले, "आधी हिचं बघू. बाकीचं मग."

दोघांनी मिळून दुपारपर्यंत कौसावर उपचार केले. रक्त थांबलं. संध्याकाळी तिने पाणी मागितलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले.

त्यानंतर मात्र साहेबांनी कोणाची गय केली नाही. खटला झाला, डॉक्टरांना दंड झाला. शिकलेली नर्स येईपर्यंत आणि परवानगीइतक्याच खाटा राहतील असं लिहून देईपर्यंत प्रसूतिगृह बंद. सरकारी माणसाला शिव्या द्यायची आपल्याला सवय असते. मी त्या साहेबांना आजवर एकही दिलेली नाही.

गावाने शिव्या दिल्या त्या मावशीला. बाळंतीण असून चारचौघांसमोर दारात बसली, वर चांगला दवाखाना बंद पाडला. सासू कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हती. मावशी कोणाला उलट बोलली नाही, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात बसत नाही. पुढे एकदा तिनेच मला सांगितलं की दवाखाना बंद असताना गावात कोणाला कळा लागल्या की ती बाई सुखरूप सुटल्याचं कळेपर्यंत मावशी जेवत नसे.

होळीच्या सुमारास प्रसूतिगृह पुन्हा उघडलं. नर्स आली. मागचं दार डॉक्टरांनी विटा लावून बंद करून घेतलं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग ते स्वतः ब्राह्मणपुरीला गेले आणि मावशीच्या सासूसमोर म्हणाले, तुमच्या सुनेने त्या दिवशी माझ्या हातून होणारं पाप थांबवलं. सासू त्या दिवसापासून बोलायला लागली. त्याच आखाजीला मावशीने कौसाला माहेरपणाला नेलं, ते आजवर.

त्रेसष्ट साली माझं बाळंतपण तिथेच झालं. मावशी एसटीने आली, डिंकाचे लाडू घेऊन. आधी नर्सला गाठून खाटा किती ते विचारलं, स्वतः फिरून मोजल्या, मग माझ्याकडे आली. मला उठून तिच्या पाया पडायचं होतं. ती बुजवलेल्या दाराच्या भिंतीला टेकून बसली होती. कंगवा काढून तिने माझं डोकं मांडीवर ओढलं.

मी म्हटलं, "मावशी, शिवू नकोस. विटाळ आहे. घरी जाऊन अंघोळ करावी लागेल."

"त्या विटाळनीच तुन्ही बहीनले वाचाडं," ती म्हणाली. "माले काय व्हई?"

आणि माझे केस विंचरत बसली.