ताईचं केळवण

ताई गेली त्याच्या तीन दिवस आधी ती माझ्याशी शेवटचं बोलली. त्यानंतरही तिला बोलता येत होतं. माझ्या बायकोकडे तिनं पाणी मागितलं, मामांना खिडकी उघडायला सांगितलं, शेजारच्या काकूंना त्यांच्या गुडघ्याचं विचारलं... माझ्याशी मात्र बोलली नाही. मी उशाशी बसलो की ती डोळे मिटून घ्यायची, उठलो की उघडायची. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सात जण बोलायला उठले आणि सातही जणांनी एकच गोष्ट सांगितली: कुसुमताई हसतखेळत गेली, शेवटचा महिना तिला सगळ्यांनी किती फिरवलं, असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं! समोर तिचा फोटो होता, कुंतलाच्या धबधब्यापाशी काढलेला. मागे पांढरं पाणी आणि वरून हार. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, भाऊ दुःखात आहे. मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा माझ्यावरचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि मी पहिलीत असताना गेले. ताई तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाली होती. पुढे तिला मराठी शाळेत नोकरी लागली आणि घर तिच्या पगारावर चालू झालं. तिला स्थळं आली, नाही असं नाही. आधी बाबूचं शिक्षण होऊ द्या, म्हणाली. मग बाबूची नोकरी, मग बाबूचं लग्न. हा बाबू म्हणजे मी. माझं सगळं झाल्यावर तिच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच नाही. मीही नाही. मी तेलंगणात आदिलाबादला मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, कारकून झालो आणि ती गुडीहत्नूरपासून आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढच्या एका खेड्यात, बावीस वर्षं शिकवत राहिली. तिथंच एक खोली घेऊन राहायची. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे यायची, सोमवारी पहिल्या बसनं परत जायची.

आमच्याकडे दसऱ्याच्या पुढेमागे कापूस फुटतो. वेचणीला लहान बोटं लागतात, म्हणून त्या दिवसांत शाळेतल्या मोठ्या पोरी एकेक करून दिसेनाशा होतात. चार दिवसांसाठी म्हणून गेलेली पोरगी महिनाभर येत नाही, आणि महिन्यानंतर तिची तिलाच लाज वाटते. पुढच्या वर्षी तिचं लग्न लागतं. ताई हे दरवर्षी पाहायची आणि दरवर्षी उजाडायच्या आत त्या पोरींच्या घरी जायची. "पहिला आठवडा हातातून गेला का पोरगी गेली समज," असं ती म्हणायची. यंदा तिच्या सातवीत सहा पोरी होत्या. सहाच्या सहा परीक्षेला बसवायच्या, हे तिनं मनात धरलं होतं. शाळा सुरू झाल्यापासून शनिवारी आमच्याकडे जेवायला बसली की तिच्या तोंडी त्या सहा जणीच असायच्या. माझी बायको वैतागून म्हणायची, "ताई, घरच्या पोरांचंही विचारा कधी." त्यावर ताई म्हणायची, "घरच्या पोरांना कोण कापसात धाडून राह्यलं?"

दसऱ्याच्या आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ यकृतापर्यंत गेली आहे, कापण्यासारखी राहिलेली नाही, दोन महिने धरा, कदाचित थोडे जास्त. मी त्यांना विचारलं, तिला सांगायचं का? ते म्हणाले, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. कागद इंग्रजीत होते. ताईला मराठी यायचं, तेलुगू यायचं, हे डॉक्टरी इंग्रजी काही उलगडणार नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं कागद माझ्यापुढे धरले आणि विचारलं, "काय लिवलं रे?" मी म्हणालो, "आतड्याला सूज आहे. आराम सांगितला आहे." तिनं मला शिकवलं, आणि त्या शिक्षणाचा मी असा उपयोग केला.

घरी आल्यावर मामांकडे बैठक झाली. आमच्यात असा आजार माणसाला सांगत नाहीत. का सांगत नाहीत, हे त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. मामा म्हणाले, "सांगसान तर आजच मरन ते. जेवढे दिवस हाय तेवढे हसू द्या पोरीला." पोरीला! पन्नाशीला टेकलेली, गावाला धाक असलेली बाई... पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही डोलावली. मग कुणीतरी म्हणालं, तिनं आयुष्यात काही पाहिलं नाही, तिला फिरवू या. सगळ्यांना ते एकदम पटलं. कुणी कुठल्या रविवारी न्यायचं, कुणी जेवायला बोलवायचं, हे तिथल्या तिथं ठरलं. रजेचा अर्ज मी लिहिला आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. "महिनाभर? सुजेसाठी?" ती म्हणाली. पण सही केली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

तो महिना मला दिवसागणिक आठवतो. पहिल्या रविवारी मामांच्या घरचे आणि आम्ही, दोन जीपा करून कुंतलाला गेलो. पाऊस नुकताच सरला होता, धबधबा भरून वाहत होता. खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या. ताई एका हातानं कठडा धरून उतरली, पाण्यात पाय सोडून बसली, आणि तितक्याच पायऱ्या चढून वर आली. मामींनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. एकीनं वाढली की दुसरी वाढायची. पुढच्या बुधवारी माझ्या मित्राकडे जेवण, शुक्रवारी मावसबहिणीकडे, रविवारी कडेमचं धरण. मग लाकडी खेळण्यांचं निर्मल. तिथं दुकानात लाकडी सीताफळ हातात घेऊन ताई म्हणाली, "खरी सीताफळं झाडावर पिकून फुटून राह्यली, अन् आपण रंगवलेलं पाहून राह्यलो." प्रत्येक घरी जेवण, साडी, फोटो. पाचव्या की सहाव्या साडीला ती हसत म्हणाली, "हे काय केळवण लावलं रे तुमी माझं? कोणत्या गावी देऊन राह्यले मले या वयात?" सगळे हसले. मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या. आत जाऊन त्या रडल्या आणि बाहेर येऊन आणखी एक लाडू वाढला. मी तेव्हा काय केलं? मी पण हसलो.

आणि गुडीहत्नूरचा तो दिवस. माझ्या मेहुणीकडे जेवण होतं. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंची शेतं पांढरी झालेली. ताई बाहेर पाहत राहिली. मग ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाबू, इथून जीप आत वळव ना. अर्धा घंटा. मी सहाही घरी तोंड दाखवून येतो." मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "ताई, तिकडे सगळे जेवायचे खोळंबले असतील." ती म्हणाली, "कापूस फुटला रे. हे चारच दिवस असतात." मी म्हणालो, "तू आराम कर. मी हेडमास्तरांना निरोप दिला आहे, ते पाहून घेतात." असा कुठलाही निरोप मी दिला नव्हता. मला भीती होती की गावात कुणीतरी तिच्याकडे पाहून विचारेल, बाई, इतक्या कशा वाळल्या? आणि मग आमचं सगळं उघडं पडेल. जीप सरळ गेली. मेहुणीनं कोंबडी केली होती. ताईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "छान झालं बाई."

त्यानंतर तिनं आणखी दोनदा विचारलं. एकदा म्हणाली, चार दिवस जाऊन येते. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात नेतो, या रविवारी पोचेराच्या धबधब्याला जायचं ठरलं आहे, लोकांनी रजा टाकल्या आहेत. लोकांच्या रजा! ती ऐकत गेली, कारण तिला वाटत होतं की पुढचा आठवडा आहे, त्याच्या पुढचाही आहे. माणसाला आपल्याजवळ किती दिवस आहेत हे ठाऊक असेल तर तो हट्ट धरतो, भांडतो, रुसतो, उठून चालायला लागतो. आम्ही तिचा हट्टच काढून घेतला. वर आम्हीच म्हणत होतो, किती शांत आहे बघा, कशाची म्हणून तक्रार नाही.

पोचेराहून आल्यावर ती पडली ती उठली नाही. डोळे पिवळे झाले. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "खरं सांग. सुजेनं असं होत नाही." माझ्याच्यानं आता खोटं बोलवेना. सांगितलं. तिनं नजर छताकडे वळवली. मग विचारलं, "तुले कधीपासून ठाऊक?"

"नागपूरपासून."

"म्हणजे कापूस फुटायच्या आधीपासून."

मी म्हणालो, "ताई, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"झाला असता त्रास. दोन दिवस रडली असती. मग उठून शाळेत गेली असती." श्वास लागला म्हणून ती थांबली. "तो महिना माझा होता, बाबू. तू वाटून टाकला."

एवढंच. त्यानंतर ती तीन दिवस होती आणि माझ्याशी बोलली नाही.

आता मला कुणी सांगू नये की ती हसत गेली. तुम्हाला तिचं हसू हवं होतं, तुम्ही ते घेतलं, फोटोत धरलं, भिंतीला लावलं. कुंतलाच्या पायऱ्या उतरून चढून येणारी बाई गावातली सहा घरं फिरू शकली नसती? मामा परवा म्हणाले, "आपण काही कमी केलं नाही तिचं." मी म्हणालो, "मामा, तिनं एकच गोष्ट मागितली होती." ते म्हणाले, "आजारी माणसाचं काय ऐकायचं?" मी उठून आलो. त्यांच्यावर ओरडायला मला तोंड नव्हतं. त्यांना तिच्या मनातलं ठाऊक नव्हतं, मला होतं.

मागच्या आठवड्यात तिचे नोकरीचे कागद आणायला शाळेत गेलो. हेडमास्तर भले आहेत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी सातवीतल्या पोरींचं विचारलं. सहांतल्या दोन येतात, म्हणाले. मी त्यांना चार जणींची घरं विचारली, रात्री ताईच्या खोलीतच झोपलो आणि उजाडायच्या आत निघालो. पहिलं घर सुनंदा नावाच्या पोरीचं. तिचा बाप अंगणात तोंड धूत होता. मी म्हणालो, "जयभीम. मी बाईंचा भाऊ."

त्यानं तोंड पुसलं. "बाई गेल्या म्हणे. आमाले उशिरा समजलं." मग म्हणाला, "आमी वाट पाह्यली त्यायची. तीन दिवस पोरीले घरीच ठेवलं, वावरात नेलं नाही. म्हटलं, बाई येईन, बोंब मारीन, मग धाडू शाळेत. दरसाल तसंच असते. बाई आल्याच नाही. काऊन नाही आल्या?"



सुनंदाची आई चुलीपुढून उठून आली. दाराशी एक बाज होती, तिकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं बसत. चहा देला तरी घेत नोहत्या. पोरीच्या अंगात शाळेचे कपडे दिसल्याबगर हलत नोहत्या. हे शिव्या देत, तरी बसूनच राहत."

मी त्या बाजेवर बसलो. म्हणालो, "तिला पाठवा. बाईंची तेवढीच इच्छा होती." आतून सुनंदा आली. कमरेला वेचणीची ओटी बांधलेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि आईच्या मागे उभी राहिली. उजाडलं. समोरच्या रस्त्यानं बायका शेताकडे निघाल्या, त्यांनी सुनंदाला हाक मारली. मी बसून राहिलो. मला वाटलं, बसून राहिलं की होतं.

बापानं खांद्यावर दुपट्टा टाकला. आवाज चढवला नाही, उलट समजावल्यासारखा म्हणाला, "भाऊसाहेब, बाईची गोष्ट अलग होती. त्या बावीस साल इथं बसल्या. तुमी उठा आता."

मी उठलो.